सव्वा लाख सुनांची सासू आमच्या चुलीपाशी

गेल्या बकरी ईदला अम्मींनी दालच्यात दोनदा मीठ घातले. पाहुणे समजूतदार होते. पानातले संपवून, दुवा देऊन गेले. पण ते गेल्यावर अम्मींनी स्वतः एक घास घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवले. "आता चमचा तुम्हीच धरा," एवढेच म्हणाल्या आणि नमाजच्या खोलीत जाऊन बसल्या.

आम्ही म्हणजे दोन जावा आणि एक नणंद. खुटबावला एकाच घरात राहतो. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने आलात तर यवत आणि केडगावच्या मधे आमचे स्टेशन लागते. आजूबाजूला ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळांचा गोड वास. या गावात चाळीस वर्षे अम्मींच्या हातचा दालचा खाऊन लोक बोटे चाटत गेले. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की तो दालचा आम्हा तिघींपैकी एकीलाही येत नाही. विचारले की अम्मींचे उत्तर ठरलेले, "अंदाज से डालते, बेटा."

पुस्तक घरात आले

नणंदेने मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून 'रुचिरा' आणले. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक पहिल्यांदा 1970 साली निघाले. मराठी घरांत लग्न झालेल्या मुलीला भांड्यांबरोबर हे पुस्तकही देण्याची पद्धत पडली, इतके ते चालले. लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि कमलाबाईंना कौतुकाने 'सव्वा लाख सुनांची सासू' म्हटले जाऊ लागले. त्यांनी किलो-ग्रॅमचा हिशेब मागितला नाही. वाटी आणि चमचा, जे प्रत्येक घरात असते, त्यातच माप सांगितले.

आमचा विचार साधा होता. माप कसे लिहितात हे आधी शिकायचे, मग अम्मींचे पदार्थ लिहायचे. शिकायचे तर पुस्तकातले पदार्थ करून, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खाऊ घालून बघायचे.

अम्मींना मात्र ते लागले. "मला बाजूला सारून आता पुस्तकातली सासू आणली का?" त्या म्हणाल्या. आम्ही गप्प झालो. नणंदेने रात्री त्यांच्याजवळ बसून कमलाबाईंची हकीकत सांगितली. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, लहान वयात लग्न, आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूच्या हाताखाली. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिलाही सासूनंच शिकवलं." दुसऱ्या दिवशी त्या चुलीपाशी पाट घेऊन बसल्या. करायचे काहीच नाही, फक्त बघायचे, असे सांगून.

नावे न ठेवता परीक्षा कशी घ्यावी?

दर जुम्म्याला एक पदार्थ, असे ठरले. नमाजनंतर घरातले पुरुष, मुले आणि एखादे शेजारचे घर दस्तरखानवर. पहिली अडचण तिथेच आली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, असे हदीसमध्ये आहे. आमच्या घरात लहानपणापासून हीच शिकवण. त्यामुळे "कसं झालंय?" विचारले की उत्तर एकच, "अल्हम्दुलिल्लाह, छान." यावरून काय कळणार?

तोड अम्मींनीच काढली. "तोंडाला विचारू नका, पातेल्याला विचारा." तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी वहीत लिहू लागलो. दुसऱ्यांदा कोणी मागून घेतले, पातेल्यात किती उरले आणि मुलांनी पानाच्या कडेला काय सारले.

आमचे आणखी दोन नियम होते. पहिल्या वेळी पुस्तकात आहे तसेच करायचे, आपली अक्कल दुसऱ्या वेळी. आणि वाटी एकच वापरायची. हा दुसरा नियम चूक करून शिकलो. मसालेभाताला तांदूळ एका वाटीने मोजले आणि पाणी दुसऱ्या, मोठ्या वाटीने. भाताचा गोळा झाला. वाटी लहान की मोठी याने फारसे बिघडत नाही, कारण ते माप म्हणजे प्रमाण असते. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाटी तीच हवी. एक स्टीलची वाटी आम्ही त्या दिवशी बाजूला काढली आणि तिच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका लावला.

पास, नापास

दुसऱ्या वेळचा मसालेभात मोकळा झाला. धाकट्या मुलाने चमच्याने उकरून पाहिले आणि विचारले, "बोटी कुठाय?" बिर्याणीच्या घरात हे व्हायचेच. पण समोरच्या माळकरी काकू आल्या होत्या. त्यांच्यासाठी आम्ही नवे पातेले आणले होते. त्यांनी दोनदा घेतला आणि जाताना गोड्या मसाल्याची पुडी कोणाकडून आणावी तेही सांगून गेल्या.

अळूच्या भाजीने आमची फजिती केली. चिंच जरा कमी घातली आणि घाईने उतरवली. जेवणानंतर सगळे खाकरत बसले. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. पाने चांगली शिजवावीत आणि आंबट पुरेसे घालावे, हे काकूंना आणि अम्मींना दोघींनाही माहीत होते. आम्हाला कारण शास्त्राच्या पुस्तकात सापडले, उपाय मात्र घरातच होता.

चकलीला तीन जुम्मे लागले. पहिल्यांदा मोहन जास्त पडले, चकल्या तेलात विरघळल्या. दुसऱ्यांदा इतके कमी घातले की दीर म्हणाले, "भाभी, दाताचा डॉक्टर केडगावला बसतो ना?" तिसऱ्यांदा मोहन बेताचे, पीठ चांगले मळलेले आणि तेल नीट तापलेले. डबा मगरिबच्या आत रिकामा. वहीत लिहिले, पास.

सर्वांत जास्त शिकवले ते पुरणपोळीने. पुस्तकातले माप जसेच्या तसे घेतले, तरी पुरण सैल झाले. पोळी लाटताना पुरण बाहेर. आम्ही पुस्तकाला दोष द्यायला निघालो, तेव्हा अम्मींनी गुळाचा खडा बोटांनी दाबून दाखवला. गूळ गुऱ्हाळावरून दोन दिवसांपूर्वी आणलेला, ओला आणि मऊ. जुना, कोरडा गूळ वेगळा आणि हा वेगळा. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना तुमच्या घरातला गूळ कसा दिसणार? पुरण अजून आटवले, पळी उभी राहीपर्यंत, आणि पोळ्या झाल्या. त्या दिवशी 'अंदाज' या शब्दाचा अर्थ आम्हाला कळला. माप पुस्तक देते. माप कुठे थोडे हलवायचे, ते हात सांगतो.

आपल्याकडे लिहीत नव्हते का?

काही भगिनी म्हणतील, आपल्याकडे स्वयंपाक लिहून ठेवायची रीतच नाही. तसे नाही. बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी 1226 साली 'किताब अल-तबीख' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. आपल्या देशात माळव्यातील मांडूच्या सुलतान गियासुद्दीन शाहासाठी पंधराव्या शतकाच्या शेवटी 'निमतनामा' तयार होऊ लागला आणि त्याच्या मुलाच्या काळात पूर्ण झाला. त्यात समोसे आहेत, सरबते आहेत, रंगीत चित्रे आहेत. ते हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मराठीतही कमलाबाईंच्या साठ वर्षे आधी, 1910 साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले होते.

म्हणजे सुलतानाच्या मुदपाकखान्याचे लिहून झाले. आमच्या अम्मींसारख्यांच्या चुलीचे तेवढे राहून गेले. त्यांचा दालचा, मुहर्रमचा खिचडा, गुळातला मीठा भात हे सगळे एका हातात आहे. हात थांबला की संपले.

अम्मींचा हात काट्यावर

शेवटी अम्मींची पाळी आली. माप सांगा म्हटले की त्या अडत. म्हणून आम्ही विचारलेच नाही. दीरांच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, डाळीचा डबा, प्रत्येक आधी तोलून ठेवला. अम्मींनी नेहमीसारखा हाताने दालचा केला. नंतर डबे पुन्हा तोलले. जेवढे कमी झाले, तेवढे अम्मींच्या हाताचे माप. मग तेच लाल ठिपक्याच्या वाटीने आणि चमच्याने मोजून लिहिले.

असे तीन जुम्मे केले. मिठाचे आकडे आले 14 ग्रॅम, 15 ग्रॅम, 15 ग्रॅम. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, बोटे थोडी थरथरतात, तरी हात तसूभर ढळलेला नव्हता. मग ईदला काय झाले होते? चौथ्या जुम्म्याला ते आमच्या डोळ्यांसमोर घडले. मीठ घालून झाल्यावर बाहेरून कोणी हाक मारली, अम्मी बोलून परत आल्या आणि त्यांनी पुन्हा डब्याकडे हात नेला. माप चुकत नव्हतेच. घातले की नाही, एवढेच त्या विसरत होत्या.

इलाज सोपा निघाला. आता चूल पेटवायच्या आधीच लागणारे मीठ मोजून एका लहान वाटीत काढून ठेवतो आणि डबा कपाटात जातो. वाटी भरलेली असेल तर मीठ घालायचे आहे, रिकामी असेल तर घातले आहे. अम्मींना विचारावे लागत नाही, आम्हाला टोकावे लागत नाही.

पहिल्यांदा धाकट्या जावेने वहीत बघून, एकटीने दालचा केला. अम्मी दस्तरखानवर बसल्या. पहिला घास, दुसरा घास, मग पळीकडे हात. "चिंच..." म्हणाल्या आणि थांबल्या. "राहू दे, बरोबर आहे." पातेले त्या दिवशी पुसून निघाले.

पुढच्या जुम्म्याला पळी अम्मींनी स्वतः मागून घेतली. दालचा झाला, तशी त्यांनी ती लहान वाटी उपडी करून आम्हाला दाखवली आणि हसल्या.

अम्मींचा दालचा (सहा माणसांसाठी)

चणाडाळ 1 वाटी, तूरडाळ अर्धी वाटी, मटण अर्धा किलो, दुधी पाव किलो, कांदे 2, टोमॅटो 1, आले-लसूण वाटून 1 मोठा चमचा, हळद अर्धा चमचा, तिखट 2 चमचे, धणेपूड 2 चमचे, गरम मसाला 1 चमचा, मीठ अडीच सपाट चहाचे चमचे (आधी काढून ठेवा), लहान लिंबाएवढी चिंच, कढीपत्ता, कोथिंबीर, तेल.

दोन्ही डाळी अर्धा तास भिजवून, हळद घालून मऊ शिजवा आणि घोटा. तेलात उभा चिरलेला कांदा लाल करा, कढीपत्ता आणि आले-लसूण परता, टोमॅटो घाला. तिखट, धणेपूड, मटण आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत परता. गरम पाणी घालून मटण शिजवा. दुधीच्या मोठ्या फोडी घाला; त्या नरम झाल्या की घोटलेली डाळ आणि चिंचेचा कोळ घाला. मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळी द्या, शेवटी गरम मसाला आणि कोथिंबीर. पाहुण्यांत कोणी शाकाहारी असेल तर वेगळ्या पातेल्यात मटणाऐवजी वांगे आणि शेवग्याच्या शेंगा घाला. समोरच्या काकू तसाच नेतात.

भगिनींनो, तुमच्या घरीही असा एखादा हात असेल. एक वही, एक ठिपक्याची वाटी आणि काही जुम्मे पुरतात.