वाटेत हवा गेली तर

वैनगंगेच्या तीरावर वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील एक प्राचीन नगर होय. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांहून अधिक जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. इतक्या काळापासून या गावी वाटसरूंची ये-जा आहे. कोणी पायी आले, कोणी नावेतून, तर कोणी बैलबंडीतून. आज आसपासच्या खेड्यांतील अनेक मुलेमुली सायकलीवरून शाळेला जातात.

बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असते. ती खडखडते, झिजते. पण वाटेत खाली बसत नाही. सायकलीचे चाक मात्र हवेवर चालते. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये मांडली होती. परंतु ती मागे पडली. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉईड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये त्या युक्तीचे एकस्व मिळवले. त्यामुळे सायकलीचे हादरे कमी झाले व वेग वाढला. या सुखाबरोबर एक चिंताही आली. बाभळीचा एक काटा रुतला, की चालते वाहन ओढून नेण्याचे ओझे होऊन बसते.

परीक्षेच्या दिवशी एखादी विद्यार्थिनी सकाळी घरून निघाली आहे, शाळा अजून दोन कोस दूर आहे, आणि धानाच्या बांध्यांमधल्या निर्जन वाटेवर मागचे चाक बसले, अशी कल्पना करावी. जवळ दुकान नाही. अशा वेळी तिचा पेपर चुकणे किंवा न चुकणे हे तिच्याजवळ काय आहे आणि तिला काय ठाऊक आहे, यावर अवलंबून राहते.

पहिली गोष्ट म्हणजे ताबडतोब खाली उतरावे. हवा नसलेल्या चाकावर बसून गेल्यास लोखंडी रिम व रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिरडते आणि लहानसे छिद्र मोठी चीर होते. नंतर हवा का गेली, हे पाहावे. टायरवरून काळजीपूर्वक बोट फिरवून काटा शोधावा. काटा न सापडल्यास हवेच्या तोंडाला, म्हणजे व्हॉल्व्हला, थोडे पाणी किंवा थुंकी लावावी. बुडबुडा आला तर दोष तेथेच आहे. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये छिद्रावर रबराची एक बारीक नळी चढवलेली असते. पंपाची हवा तिला उचलून आत शिरते आणि आतल्या हवेचा दाब तिला पुन्हा छिद्रावर दाबून धरतो. उन्हाने हे रबर कुजते. म्हणून त्याचा एक तुकडा दप्तरात असावा. तो अल्प किमतीत मिळतो व क्षणात बदलता येतो.

आता हवा भरण्याचे उपाय पाहू. सर्वांत विश्वासू सोबती म्हणजे सायकलीच्या सांगाड्याला अडकवलेला हातपंप होय. त्याच्या दट्ट्याला चामड्याची किंवा रबराची वाटी असते. दट्ट्या मागे ओढला, की वाटी आक्रसते व हवा तिच्या कडेने पुढे येते. दट्ट्या दाबला, की वाटी पसरून नळीला घट्ट चिकटते. मग हवेला चाकात जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वाटी सुकली तर पंप काम करीत नाही. चामड्याच्या वाटीस तेलाचा थेंब द्यावा.

हातपंप बारीक का असतो, असा प्रश्न पडेल. समजा, चाकातील दाब चौरस इंचास ५० पौंड आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस इंच असेल तर तो रेटण्यास २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, जोर लागेल. क्षेत्रफळ दोन चौरस इंच असेल तर १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, जोर हवा. म्हणून दुकानातला जाड पंप जमिनीवर ठेवून, अंगाचा भार देऊन दाबतात. हातातला पंप बारीक असतो व त्याला अधिक वेळा रेटावे लागते. या कामात पंप तापतो. पुष्कळांना वाटते की हे केवळ घर्षणाने होते. परंतु मुख्य कारण हवा आवळली गेल्याने तिचे तापमान वाढते, हे आहे.

याच्या उलट प्रकार दुसऱ्या एका साधनात घडतो. शर्यतीचे सायकलस्वार कर्बवायूची बोटाएवढी पोलादी कुपी बाळगतात. तिच्यात सुमारे १६ ग्रॅम वायू दाबून भरलेला असतो व तो काही क्षणांत चाक फुगवतो. वायू झपाट्याने प्रसरण पावत असल्याने कुपीवर हिम जमते. ती उघड्या हाताने धरू नये. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून घरी गेल्यावर साधी हवा भरावी लागते. शिवाय कुपी एकदाच उपयोगी पडते. पंप वर्षानुवर्षे टिकतो.

पेट्रोल पंपावरील यंत्राने हवा भरताना विशेष जपावे. ते यंत्र मोटारीच्या मोठ्या चाकांसाठी असते. सायकलीची लहान ट्यूब त्याने पाहता पाहता फुटू शकते. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला तर त्याचे तोंड बसतही नाही.

काहीच साधन नसेल तर टायरमध्ये गवत किंवा धानाचे तणस ठासून भरावे आणि सायकल सावकाश पुढे न्यावी. हा उपाय केवळ घर गाठण्यापुरता आहे.

हवा किती भरावी, हे टायरच्या कडेवर छापलेले असते. विदर्भातील उन्हाळ्यात त्याहून अधिक भरू नये, कारण उन्हात ठेवलेल्या सायकलीतील हवेचा दाब आणखी वाढतो व जीर्ण टायर फुटतो.

सायकलीला पंप लावलेला असेल आणि खिशात रबराचा तुकडा असेल, तर त्या विद्यार्थिनीला निर्जन वाटेवर कोणाची वाट पाहावी लागणार नाही. मात्र पंप चालवण्याचा सराव तिने घरच्या अंगणात आधीच केलेला असावा. म्हणजे पेपरची घंटा होण्यापूर्वी ती शाळेत पोहोचेल. आणि वाटेत दुसऱ्या कोणाचे चाक बसलेले दिसले, तर त्याच्याही उपयोगी पडेल.