वेगदेवतेचा नैवेद्य

रस्त्यावरून पहिल्यानें मोटारसायकल गेली तेव्हां तिच्या आवाजावरूनच मराठी माणसानें तिला ‘फटफटी’ हें नांव देऊन टाकलें. नांव आवाजावरून पडलें आणि पुष्कळांची तिच्याशीं ओळखहि आवाजापाशींच थांबली. सामान्यतः हें यंत्र कारखान्यांतून पुरें होऊनच बाहेर येतें, अशी आपली समजूत असते. घेणाऱ्यानें त्यांत पेट्रोल घालावें, बिघडलें तर कारागिराकडे न्यावें आणि जुनें झालें म्हणजे विकून टाकावें. परंतु जगांत थोडीं माणसें अशीं होऊन गेलीं कीं त्यांनीं कारखान्याचें काम पुरें झालेलें काम मानलेंच नाहीं. विकत घेतलेली गाडी हा त्यांच्या लेखीं कच्चा माल. तो तोडून, घडवून, पुन्हां तोडून त्यांनीं आपल्या मनांतील गाडी स्वतःच्या हातांनीं सिद्ध केली. अशा चाकोरीबाहेरच्या गाड्यांत न्यूझीलंडमधील एका मोटारसायकलीची हकीकत फार बोधप्रद आहे.

ही गाडी मूळची अमेरिकेंतील. मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें ‘इंडियन’ नांवाची कंपनी मोटारसायकली बांधीत असे. नांव ऐकून आपल्या देशाशीं तिचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. येथें ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. या कंपनीच्या ‘स्काउट’ नांवाच्या गाडीचा आराखडा चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनियरानें केला होता. इंजिन ६०० घनसेंटिमीटरचें, त्याचे दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें तिरपे बसविलेले, आणि वेग तासाला फार तर ५५ मैल, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटर. १९२० सालीं अशी एक स्काउट न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळील इन्व्हरकार्गिल शहरीं बर्ट मन्रो नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें विकत घेतली. मन्रोचा जन्म १८९९ सालचा. तो शेतकऱ्याच्या घरांत वाढला आणि पुढें मोटारसायकली विकण्याची नोकरी करूं लागला. दिवसां तो इतरांना गाड्या विकी आणि रात्रीं आपल्या गाडीवर खपे. १९२६ सालापासून त्यानें तिच्यांत फेरफार करण्यास आरंभ केला, तो पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ थांबला नाहीं.

एवढा काळ कशासाठीं लागावा, हें समजण्यास थोडें गणित पाहिलें पाहिजे. वेग वाढवावयाचा म्हणजे प्रथम हवेशीं झगडावें लागतें. संथ चालीनें जातांना हवेचा अडथळा जाणवतहि नाहीं. परंतु वेग दुप्पट झाला कीं तो अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति आठपट होते. वेग तिप्पट करावयाचा तर अडथळा नऊपट आणि शक्ति सत्तावीसपट! म्हणजे ५५ मैलांच्या गाडीला १६५ मैलांवर न्यावयाचें तर, ढोबळ हिशेबानें, तिच्या एका इंजिनांत सत्तावीस इंजिनांचें बळ यावयास हवें. हें घडणें नाहीं. म्हणून उपाय दुहेरी करावा लागतो. इंजिनाचें बळ जितकें वाढेल तितकें वाढवावयाचें, आणि गाडीचा आकार असा करावयाचा कीं हवा तिला कमींत कमी अडवील. मन्रोनें दोन्ही वाटा धरल्या. ॲल्युमिनियमचा पत्रा हातानें ठोकून त्यानें गाडीला माशासारखें निमुळतें कवच केलें. पुढें तसेंच कवच फायबरग्लासचें केलें. या कवचांत शिरून, जवळजवळ पालथें पडून, तो गाडी हांकीत असे.

इंजिनाचें काम याहून बिकट होतें. मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. ही रचना साधी आणि टिकाऊ असते. परंतु तींत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाला आंत येतांना वळसा पडतो, जळलेल्या वायूला बाहेर जातांनाहि पडतो, आणि ज्वलनाची जागा पसरट राहिल्यामुळें मिश्रण घट्ट दाबतां येत नाहीं. जितका दाब कमी तितका स्फोटाचा जोर कमी. मन्रोनें या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. वाट सरळ झाली, दाब वाढवितां आला आणि बळ वाढलें. परंतु एका ठिकाणीं बळ वाढलें कीं दुसऱ्या ठिकाणचा कमकुवतपणा उघडा पडतो. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, उलटतो, खालीं येतो, पुन्हां थांबतो. हें सारें मिनिटाला हजारों वेळां घडतें; आणि प्रत्येक वेळीं त्याला थांबविण्याचा व उलटविण्याचा भार त्याला जोडलेल्या दांड्यावर पडतो. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले तर हा ताण चौपट होतो. ५५ मैलांच्या गाडीसाठीं घडविलेला दांडा तो कोठवर सोसणार? दांडे मोडले, पिस्टन वितळले, सिलिंडर फुटले.

येथें कोणी विचारील कीं नवे भाग विकत कां आणूं नयेत? पैशाची चणचण हें एक कारण होतें. दुसरें असें कीं १९३८ सालीं न्यूझीलंड सरकारनें परदेशी मालाच्या आयातीवर परवान्यांचें बंधन घातलें, आणि १९५३ सालीं तर स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांतून मोटारसायकली निघणेंच बंद झालें. परंतु या दोहोंहून मोठें कारण हें कीं मन्रोला हवे असलेले भाग कोणत्याहि दुकानांत मिळण्यासारखे नव्हते. ते अजून जगांत कोणी केलेच नव्हते. म्हणून त्यानें जुन्या पत्र्याच्या डब्यांचे साचे करून त्यांत वितळलेला धातु ओतला आणि पिस्टन पाडले. सिलिंडर स्वतः घडविले. ट्रॅक्टरचा आंस उत्तम पोलादाचा असतो, हें जाणून त्या पोलादांतून त्यानें नवे दांडे कोरून काढले. सूक्ष्म मोजमापाचें उपकरण म्हणून चाकाची जुनी तार त्याला पुरत असे. एकूण साधनसामग्री एखाद्या खेड्यांतील लोहाराला शोभेल अशी, आणि मोजणीचा कांटेकोरपणा मात्र घड्याळजीला शोभेल असा.

मोडलेले भाग त्यानें फेंकून दिले नाहींत. आपल्या खोपटांत त्यानें ते एका फळीवर मांडून ठेविले आणि फळीवर लिहून ठेविलें कीं हे वेगदेवतेला वाहिलेले नैवेद्य आहेत. या विनोदांत एक गंभीर अर्थ दडलेला आहे. दांडा मोडतो तेव्हां तो कोठें मोडला, चीर कोणत्या बाजूनें सुरू झाली, धातु ताणला गेला कीं जळला, हें त्याच्या तुकड्यावरच लिहिलेलें असतें. वाचणारा मात्र हवा. ज्याला तें वाचतां येतें त्याचा पुढचा दांडा अधिक चांगला होतो. ज्याला येत नाहीं तो तसाच दांडा पुन्हां करतो आणि तोहि मोडतो. मन्रोची ती फळी म्हणजे त्याचें पाठ्यपुस्तक होतें.

या अभ्यासाचीं फळें हळूहळू दिसूं लागलीं. १९५७ सालीं न्यूझीलंडमध्यें समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर या गाडीनें तासाला १३१ मैलांचा वेग गांठला. परंतु याहून अधिक वेगाला फार लांब व सपाट जागा लागते. अशी जागा अमेरिकेच्या युटा राज्यांत बॉनेव्हिल येथें आहे. प्राचीन काळच्या एका प्रचंड सरोवराचें पाणी आटून तेथें मिठाचें पांढरेंशुभ्र मैदान राहिलें आहे. तेथें विक्रम मोजण्याची रीत अशी कीं गाडीनें ठराविक अंतर एकदां जातांना आणि एकदां उलट दिशेनें येतांना तोडावें व दोहोंची सरासरी धरावी. म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फुकट लाभ कोणास मिळत नाहीं. मन्रो आपली गाडी घेऊन या मैदानावर नऊ वेळां उतरला. १९६२ सालीं ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गांत त्यानें जवळजवळ १७९ मैलांचा विक्रम केला. १९६६ सालीं १००० घनसेंटिमीटरच्या वर्गांत १६८ मैलांचा केला. आणि १९६७ सालीं, इंजिन ९५० घनसेंटिमीटरपर्यंत वाढवून, त्याच वर्गांत १८३.५९ मैलांचा, म्हणजे सुमारें २९५ किलोमीटरचा, विक्रम नोंदविला. त्या वेळीं गाडीचें वय सत्तेचाळीस वर्षें होतें आणि स्वाराचें अडुसष्ट.

हें यश निर्धोक नव्हतें. त्याच मैदानावर एकदां भर वेगांत गाडी थरथरूं लागली. तिचा वेग कमी व्हावा म्हणून मन्रोनें कवचांतून अंग वर उचललें, तों वाऱ्यानें त्याचा चष्मा उडवून नेला आणि वाऱ्याच्या झोतानें त्याला दिसेनासें झालें. अखेर गाडी आडवी पाडून त्यानें जीव वांचविला. हातानें केलेल्या यंत्राचा कर्ता आणि त्याच्या चुकांचें फळ भोगणारा हे येथें एकच होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मन्रो १९७८ सालीं वारला. त्यानंतर छत्तीस वर्षांनीं एक मौजेची गोष्ट घडली. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढतांना झालेली आंकडेमोडीची चूक त्याच्या मुलाच्या ध्यानांत आली. अमेरिकेंतील मोटारसायकल संघटनेनें २०१४ सालीं ती चूक मान्य केली आणि विक्रमाचा आंकडा १८४.०८७ मैल असा सुधारला. मूळच्या ५५ मैलांच्या ही सव्वातीनपटींहून अधिक वाढ होय.

न्यूझीलंडच्या त्याच दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्च शहरीं, पुढच्या पिढींत जॉन ब्रिटन नांवाचा दुसरा एक कर्ता झाला. त्याचा जन्म १९५० सालचा. डिस्लेक्सिया या वाचनाच्या अडचणीनें शाळेंत त्याला त्रासविलें होतें. मन्रोनें जुनी गाडी बदलली. ब्रिटननें १९९१ सालीं मोजक्या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें संपूर्ण नवीच गाडी उभी केली. ‘व्ही १०००’ हें तिचें नांव. नेहमींच्या मोटारसायकलींत लोखंडी सांगाडा असतो व त्यांत इंजिन टांगलेलें असतें. ब्रिटननें सांगाडाच काढून टाकला आणि इंजिनाकडूनच सांगाड्याचें काम घेतलें. पाणी थंड करणारा रेडिएटर सर्वत्र पुढल्या चाकामागें असतो. तेथें तो हवेला छाती काढून अडवितो. ब्रिटननें तो स्वाराच्या बैठकीखालीं नेला आणि नळींतून त्याला हवा पुरविली, त्यामुळें गाडीचें तोंड अरुंद झालें. चाकें व पुढचे आधार त्यानें कार्बनच्या तंतूंपासून केले. वजन घटलें आणि बळकटी राहिली. १९९२ सालीं अमेरिकेंत डेटोना येथील शर्यतींत ही गाडी मोठमोठ्या कारखान्यांच्या गाड्यांपुढें धांवत होती. परंतु विजेच्या यंत्रणेंतील बिघाडानें तिला थांबावें लागलें. पुढें तिनें शर्यती जिंकल्या. अशा अवघ्या दहा गाड्या झाल्या. ब्रिटन १९९५ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, कर्करोगानें वारला. त्याची एक गाडी आज वेलिंग्टन येथील ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

या दोघांच्या हत्यारांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. एकाजवळ जुने डबे, दुसऱ्याजवळ कार्बनचे तंतु. विचाराची पद्धति मात्र एकच होती. हा भाग येथें कां आहे, असाच कां आहे, आणि तो बदलला तर ओझें कोणावर जाईल, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्यांनीं एकाहि भागाला हात लावला नाहीं. खऱ्या फेरफाराची कसोटी हीच. आपल्याकडील कांहीं तरुण सायलेन्सर काढून टाकतात किंवा कर्णकर्कश आवाजाचा बसवितात आणि गाडी ‘वेगळी’ केल्याचें समाधान मानतात. सायलेन्सर कशासाठीं असतो, हें त्यांना विचारलें तर पुष्कळांना सांगतां येणार नाहीं. त्यांच्या उपद्व्यापाचा नैवेद्य वेगदेवतेला पोंचत नाहीं. तो शेजारच्या आजाऱ्याच्या व अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कानांना पोंचतो. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. रस्ता सर्वांचा आहे. मन्रोनें आपला विक्रम मिठाच्या मोकळ्या मैदानावर केला, भर बाजारपेठेंत नव्हे.

परंतु कायद्याचें बंधन रस्त्यावर लागू आहे, जिज्ञासेवर नाहीं. घरांतील एखादें मूल बंद पडलेलें घड्याळ किंवा शिलाईचें यंत्र उघडून बसलें तर पसारा पाहून त्याला रागें भरण्याची आपली रीत आहे. त्याऐवजीं त्याला इतकेंच सांगावें कीं प्रत्येक चाक कोणाला फिरवितें तें समजून घे, आणि मग पुन्हां जोड. न जुळल्यास उरलेले भाग डब्यांत जपून ठेव. इन्व्हरकार्गिल येथील एका लोखंडी सामानाच्या दुकानांत मन्रोची ती जुनी स्काउट आजहि पाहावयास मिळते. खिळेमोळे आणि हत्यारें घ्यावयास आलेलीं गिऱ्हाइकें तिच्याजवळ थबकतात. तिला याहून योग्य देव्हारा क्वचितच मिळाला असता.