कलिंगडाचा मळा व मधमाशीचे साहाय्य

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत येणाऱ्या सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव इत्यादी जिल्ह्यांतील अनेक तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती रोख पैसा देणारी जी थोडी पिके आहेत, त्यांत कलिंगड व खरबूज यांचा समावेश होतो. पूर्वी ही पिके मुख्यतः नद्यांच्या वाळवंटात घेतली जात. पावसाळा ओसरला की पात्रातील वाळूत खड्डे घ्यावयाचे, त्यांत शेणखत भरावयाचे आणि खालच्या ओलीवर वेल वाढवावयाचे, अशी ती पद्धत होती. धरणे व बंधारे झाले, वाळूचा उपसा वाढला आणि वेलांनी नदीपात्र सोडून शेताचा आश्रय घेतला. आज गादीवाफा, मल्चिंग कागद आणि ठिबक यांच्या साहाय्याने विहिरीच्या बेताच्या पाण्यावर दोन-अडीच महिन्यांत कलिंगड बाजारात जाते.

बियाणे, खते, औषधे, कागद, नळ्या या प्रत्येक बाबीचा खर्च शेतकरी वहीत मांडून ठेवतो. परंतु फळ धरण्यासाठी ज्याची नितांत आवश्यकता असते, त्या घटकाचा उल्लेख वहीत कोठेच आढळत नाही, कारण त्याचे बिल येत नाही. तो घटक म्हणजे मधमाशी. तिच्या अभावी वेल हिरवागार राहतो, फुलेही भरपूर येतात आणि तरीही फळ धरत नाही. असा मळा पाहून ‘पाणी कमी पडले’, ‘बियाणे खोटे निघाले’ असे निष्कर्ष काढले जातात. ते कधी खरेही असतात. पण अनेकदा खरे कारण सकाळी सहा ते अकराच्या दरम्यान मळ्यात उभे राहून पाहिल्यासच कळते.

एका सकाळचे फूल

कलिंगडाच्या वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. प्रथम काही दिवस केवळ नरफुलेच उमलतात व गळून पडतात. ही वांझ फुले पाहून नवखा शेतकरी घाबरतो आणि औषधाच्या दुकानाची वाट धरतो. वास्तविक ही वेलाची स्वाभाविक रीत आहे. त्यानंतर मादीफुले दिसू लागतात. त्यांच्या पाकळ्यांखाली सुपारीहून लहान, केसाळ असे इवलेसे कलिंगडच असते, त्यामुळे ती ओळखण्यास मुळीच अडचण पडत नाही. सर्वसाधारणपणे सात-आठ नरफुलांमागे एक मादीफूल, असे प्रमाण असते. जातीनुसार ते थोडेफार बदलते.

हे मादीफूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. कोरड्या, तापलेल्या हवेत तर ते त्याहीपूर्वी मिटते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उमलत नाही. म्हणजे फळ धरावयाचे की नाही, याचा निर्णय अवघ्या चार-पाच तासांत होतो. कलिंगडाचे परागकण जड व चिकट असल्याने वारा त्यांना वाहून नेऊ शकत नाही. नरफुलातून ते उचलून मादीफुलाच्या कुक्षीवर आणून ठेवण्याचे काम कीटकांनाच करावे लागते. कुक्षीचे तीन भाग असतात व सुमारे एक हजार परागकण या तिन्ही भागांवर सारखे पसरले, तरच फळ सर्व बाजूंनी नीट भरते. एका भागावर पराग कमी पडले तर त्या बाजूला बी धरत नाही, बी नाही म्हणून गरही वाढत नाही, आणि फळ एकीकडे फुगीर व दुसरीकडे निमुळते होते. व्यापारी अशी फळे ‘बदला’ म्हणून बाजूला काढतो. एका मादीफुलास मधमाशीने किमान आठ वेळा भेट दिल्याशिवाय चांगले फळ तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांना निरीक्षणांत आढळले आहे.

खरबुजाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या बहुतेक जातींत नरफुलांबरोबर द्विलिंगी फुले येतात. म्हणजे एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यामुळे त्यास माशीची गरज नसावी असा समज होतो. परंतु तेथेही पराग आपण होऊन कुक्षीवर पडत नाहीत. बिनबियांच्या कलिंगडास तर कीटकांची गरज अधिकच असते. त्याचे स्वतःचे पराग निरुपयोगी असल्याने शेजारी बियांच्या साध्या जातीच्या ओळी लावाव्या लागतात आणि तेथून पराग आणण्याचे काम माश्यांवरच सोपवावे लागते.

शिक्षकांना हा विषय वर्गाबाहेर शिकविण्याजोगा आहे. उद्या उमलेल अशी मादीफुलाची कळी संध्याकाळी मलमलीच्या छोट्या पिशवीत बांधून ठेवावी, शेजारची दुसरी तशीच मोकळी सोडावी आणि दोन्हींवर खुणेचा दोरा बांधावा. चार-पाच दिवसांत पिशवीतील इवलेसे फळ पिवळे पडून सुकते. मोकळ्या फुलातील फळ, माश्यांचा वावर पुरेसा असल्यास, मान खाली घालून वाढू लागलेले दिसते. पाचवीतील मुलासही यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही.

बांधावरचे मित्र

कोरडवाहू भागात मळ्यावर येणाऱ्या माश्यांत फुलोरी मधमाशीचा मान मोठा आहे. आकाराने लहान, उन्हाला काटक अशी ही माशी बोर, बाभूळ यांच्या फांदीवर किंवा कुंपणाच्या झुडपात हाताच्या पंज्याएवढे एकच पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. बांध साफ केला, कुंपण पेटविले की तिचा संसार उठतो. आग्या माशी दूरवरून येते. उंच झाडे, कडे आणि हल्ली पाण्याच्या टाक्या ही तिची वसतिस्थाने आहेत. तिच्या डंखाची भीती रास्त आहे. परंतु गावापासून लांब असलेली मोहोळेही मधासाठी जाळून टाकण्याची प्रथा मात्र सर्वस्वी तोट्याची आहे. सातेरी ही पेटीत पाळता येणारी आपली देशी माशी असली तरी ती सह्याद्रीच्या वनांत अधिक रमते, आणि पठारावरील वैशाखात वसाहत सोडून निघून जाण्याचा तिचा स्वभाव आहे. म्हणून मैदानी भागात मधपाळांचा भर मेलिफेरा या युरोपीय माशीवर असतो. ही माशी १९६२ पासून आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवां येथून भारतात स्थिरावली. त्याच वर्षी पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

यांखेरीज जमिनीत बिळे करून एकेकट्या राहणाऱ्या लहान माश्या आणि लाकडात घर करणारे काळे भुंगे हेही परागीभवनास हातभार लावतात. मल्चिंग कागदाने पाणी वाचते, तण दबते, हे निर्विवाद होय. परंतु त्या कागदाखाली जमिनीतील माशीस घर करता येत नाही. म्हणून शेताच्या कडेला न नांगरलेली, उघडी अशी एखादी पट्टी राखून ठेवणे हिताचे ठरते.

शत्रू आणि मित्र एकाच फुलावर

कीटकांना सरसकट मित्र म्हणून शेतकऱ्याचे भागत नाही. रोप दोन पानांवर असतानाच तांबडे भुंगेरे त्याची चाळण करतात. मावा व पांढरी माशी रस शोषतात आणि विषाणूजन्य रोग पसरवितात. फुलकिड्यांमुळे शेंडा करपून वेलच्या वेल वाया जातात. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते व आतून अळ्या फळ नासवितात. एकरी मोठी रक्कम गुंतविलेल्या शेतकऱ्यास ‘फवारू नका’ असे सांगणे सोपे आहे, पण त्यात अर्थ नाही. प्रश्न फवारणी कधी, कशाची व किती, असा आहे.

यांपैकी बरेचसे काम फुलोऱ्यापूर्वीच उरकता येते. आजकाल अनेक शेतकरी लागवडीनंतर वाफ्यांवर पातळ पांढऱ्या कापडाचे आच्छादन घालतात. त्याने भुंगेरे, पांढरी माशी व फुलकिडे बाहेर राहतात आणि फवारण्या वाचतात. मात्र जे कापड शत्रूस अडविते तेच मित्रासही अडविते. मादीफुले दिसू लागताच ते काढावयास हवे. ‘आणखी आठ दिवस राहू दे’ म्हणून ठेवलेल्या आच्छादनाखाली पहिला बहर फुकट जातो, आणि पहिल्या बहराचीच फळे बहुधा मोठी व एकसारखी असतात.

फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे सापळे लावावेत. त्यांत फळमाशीचे नर अडकतात, मधमाशीस त्यांचे आकर्षण नसते. किडकी फळे बांधावर न फेकता खोल पुरावीत. ढालकिडा व क्रायसोपा हे मावा खाणारे कीटक शेतात दिसत असतील, तर दोन दिवस थांबून पाहण्यास हरकत नसते.

तरीही फुलोऱ्यात फवारणी अटळ झालीच, तर ती सूर्यास्ताच्या सुमारास करावी. तोपर्यंत त्या दिवशीची फुले मिटलेली व माश्या घरी परतलेल्या असतात. सकाळची फवारणी मजुरांच्या सोयीची असते हे खरे. परंतु उमललेल्या फुलावर पडलेले औषध माशी अंगावर, तोंडात आणि पोळ्यापर्यंत घेऊन जाते. याबाबत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे त्रिकोण माणसास व जनावरांस असलेल्या विषारीपणावरून ठरविलेले असतात. निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे औषध मधमाशीस निर्धोक असते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मधमाश्यांविषयीची सूचना सोबतच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. ती वाचून दाखविणारा कोणी गावात असावा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे वेलात भिनतात व त्यांचा अंश पराग आणि मकरंदातही उतरतो. अशा वेळी संध्याकाळी फवारूनही धोका पुरता टळत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांच्याच कारणाने. फुलोरा सुरू झाल्यावर ही औषधे, ठिबकातून सोडण्याच्या रूपानेदेखील, टाळलेली बरी.

पेट्या, पाणी आणि पंचायत

रानातील माश्या पुरेशा नसतील तेथे मधपेट्या ठेवाव्या लागतात. साधारणतः एकरी एक ते दोन सशक्त पेट्या पुरतात. त्या फार आधी आणू नयेत. कलिंगडाच्या फुलात मकरंद बेताचाच असतो. शेजारी कोथिंबीर किंवा कांद्याचे बीजोत्पादन फुलावर असेल तर माश्या तिकडे जाण्याची सवय लावून घेतात आणि नंतर मळ्याकडे वळत नाहीत. मादीफुले उमलू लागली की पेट्या मांडाव्यात. मकरंद कमी म्हणून मधही कमी, आणि म्हणूनच मधपाळ पेटीमागे भाडे मागतो. हे भाडे शेतकऱ्यास जाचक वाटते. पण मधपाळाच्या बाजूनेही पाहावयास हवे: एका सकाळच्या फवारणीत त्याचे वर्षभराचे भांडवल मरून पडू शकते. फवारणीच्या आदल्या दिवशी कळविण्याचे बंधन दोघांत कागदावर लिहून घेतल्यास तंटे टळतात.

पाण्याची बाब तितकीच महत्त्वाची आहे. पिलांच्या वाढीसाठी पोळ्याचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेला की माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात व पंखांनी वारा घालतात. जितक्या माश्या पाण्याच्या खेपा करतात तितक्या फुलांवरून कमी होतात. मळ्याच्या कडेला सावलीत पसरट मातीची परळे ठेवून त्यांत खडे किंवा गोणपाटाचा तुकडा टाकावा, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदलावे. पेट्याही सावलीतच असाव्यात व त्यांची दारे पूर्वेकडे असावीत, म्हणजे सकाळच्या उन्हाबरोबर माश्या लवकर कामास लागतात.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. मेलिफेरा माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत सहज जाते. तिला गट क्रमांक आणि बांध ठाऊक नसतात. एका शेतकऱ्याने संध्याकाळी फवारले आणि शेजाऱ्याने सकाळी, तर पहिल्याचा संयम वाया जातो. म्हणून कलिंगडाचे क्षेत्र मोठे असलेल्या गावात फुलोऱ्याच्या तीन-चार आठवड्यांत सकाळी फवारणी न करण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि तो चावडीवर व औषधाच्या दुकानात लावावा. त्याला पैसा लागत नाही. सामाजिक वनीकरणाची रोपे निवडताना करंज, कडुनिंब, शेवगा, चिंच, बोर यांना प्राधान्य द्यावे, कारण एका पिकाच्या तीन आठवड्यांच्या फुलांवर माश्यांचे वर्ष निघत नाही. महाबळेश्वर येथील मध संचालनालयामार्फत मधपाळांना प्रशिक्षण व साहित्य मिळते. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मांघरला जंगल आहे, पठारावरील गावांना ते नाही. तेथील आराखडा जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. पठारावर मध हे दुय्यम उत्पन्न राहील व परागीभवनाचे भाडे हे मुख्य, असे धरूनच बचतगटांनी हिशेब मांडावा.

फळे लिंबाएवढी झाली व पुरेशी धरली की मळ्यातील पेट्यांचे काम संपते. अंधार पडल्यावर सर्व माश्या आत आल्याची खात्री करून मधपाळ दारांना जाळी लावतो आणि रात्रीच पेट्या हलवितो. करंज-कडुनिंबाच्या फुलांवर काही दिवस काढून पुढे त्या पावसाळ्यातील तीळ, बाजरी व सूर्यफूल यांकडे जातात. इकडे मळ्यात फळ तोडणीस येण्यास आणखी पाच-सहा आठवडे असतात.