रूट, रॉम आणि आता 'फोन नुसता चालला पाहिजे'

आजच्या भागात आपण बोलूया एका बदलाबद्दल. कॉलेजात असताना बूटलोडर अनलॉक करून रात्री दोनपर्यंत रॉम फ्लॅश करणारी बरीच मंडळी आता म्हणतात, "फोन नुसता चालला पाहिजे, बास." मीही त्यातलाच. लोक म्हणतात, वय झालं! पण यामागे सरळ तांत्रिक कारणं आहेत.

आधी बघू, रॉम टाकायचोच कशाला? कारण कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या गोष्टी नसायच्या. सायनोजेनमॉडमध्ये २०१३ सालीच प्रायव्हसी गार्ड होता, म्हणजे कुठल्या अ‍ॅपला काय बघू द्यायचं ते आपण ठरवायचं. मूळ अँड्रॉइडमध्ये एकेक परवानगी नाकारायची सोय आली २०१५ ला, अँड्रॉइड ६ मध्ये. अख्ख्या सिस्टिमला डार्क मोड आला २०१९ ला, अँड्रॉइड १० मध्ये. अपडेट्सचंही तसंच. पूर्वी दीड-दोन वर्षांत फोन वाऱ्यावर सोडला जायचा. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने सात वर्षांचं आश्वासन दिलं. म्हणजे ज्यासाठी खटपट करायचो, त्यातलं बरंचसं आता आयतं मिळतं.

दुसरीकडे, खटपटीची किंमत वाढली. फोन सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो. याला व्हेरिफाइड बूट म्हणतात. बूटलोडर अनलॉक केला की ही साखळी सैल होते, आणि त्याची नोंद फोनच्या हार्डवेअरमधल्या सुरक्षित भागाकडे जाते. बँकेचं अ‍ॅप प्ले इंटेग्रिटीमार्फत विचारतं, "हा फोन मूळ स्थितीत आहे का?" उत्तरावर हार्डवेअरमधल्या किल्लीची सही असेल, तर नुसत्या सॉफ्टवेअरने थाप मारणं फार अवघड.

२०१२ ला बँकेचं अ‍ॅप चाललं नाही तर फारसं काही अडायचं नाही. २०१६ ला यूपीआय आलं आणि फोन म्हणजेच पाकीट झालं. भाजीवाल्या मावशींसमोर उभं राहून "थांबा, मॉड्यूल अपडेट करतो" म्हणता येत नाही ना! वर काही फोनमध्ये अनलॉक केल्यावर वाइडवाइनची पातळी एल१ वरून एल३ वर घसरते, मग पैसे भरूनही सिरीज एचडीत दिसत नाही.

बँकांची भीती खोटी आहे का? नाही. रूटची परवानगी मिळालेलं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपचा डेटा वाचू शकतं. पण इथे एक गोची आहे. ही तपासणी मुख्यतः विचारते की सिस्टिम मान्यताप्राप्त आहे का. त्यामुळे कित्येक महिने अपडेट न मिळालेला कंपनीचा फोनही साध्या तपासणीत पास होऊ शकतो, आणि ताजे पॅच असलेला लिनिएजओएसचा फोन नापास. सुरक्षा आणि मालकी यांची इथे सरमिसळ होते. पैसे मी मोजले, तरी फोनवर काय चालावं हे शेवटी दुसरंच कोणी ठरवतं. सोय आवडली म्हणून हा प्रश्न संपत नाही.

मग करायचं काय? माझा हिशोब साधा आहे. पैसे, ओटीपी आणि घरच्यांचे कॉल ज्या फोनवर येतात, त्याला हात लावायचा नाही. प्रयोग करायचे ते कपाटातल्या जुन्या फोनवर. सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात बंद झालं, पण त्यातूनच उभं राहिलेलं लिनिएजओएस अजून चालू आहे. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, म्हणून बॅकअप घ्या. आणि लक्षात ठेवा, मोडेमसारख्या भागांचं कंपनीचं बंद सॉफ्टवेअर जुनंच राहतं. म्हणजे रॉम नवा असला तरी फोन पूर्ण सुरक्षित होत नाही.

नवा फोन घेताना मात्र दोन प्रश्न विचाराच: अपडेट्स किती वर्षं मिळणार, आणि बूटलोडर अनलॉक करता येतो का? आज गरज नसेल, पण अपडेट्स थांबतील त्या दिवशी तोच दरवाजा उपयोगी पडेल.

तुमच्या कपाटात कुठला जुना फोन पडलाय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!