टेस, उचल आणि चौसाळ्याचा रस्ता

व्हिक्टोरियन कादंबरी म्हटले, की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शेकोटी पेटलेला दिवाणखाना, चहाचे पेले आणि लग्नाच्या काळजीत पडलेल्या मुली उभ्या राहतात. कॉलेजात नेमलेले पुस्तक म्हणून तिची जी धास्ती बसते, ती परीक्षा संपली तरी जात नाही. अशा वाचकाने थॉमस हार्डीची ‘टेस’ एकदा आमच्या चौसाळ्यात बसून वाचावी, असे मला फार वाटते.

बीडहून धाराशिवकडे जाताना मांजरसुंबा ओलांडले की चौसाळा लागते. गाव धुळे-सोलापूर रस्त्यावरचे. दसरा झाला की या भागातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी, पीठमीठ आणि लहान पोरे घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पट्टा पडेपर्यंत त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो.

आता टेसची गोष्ट पाहा. घरात एकच घोडा, त्याच्यावर सगळ्यांचे पोट. बाप पिऊन पडलेला, म्हणून रात्री मालाची गाडी घेऊन टेस निघते. सोबत धाकटा भाऊ. वाटेत तिचा डोळा लागतो, समोरून टपालाची गाडी येऊन आदळते आणि घोडा मरतो. कादंबरीतले पुढचे सारे अनर्थ या एका डुलकीतून सुरू होतात. रात्री उसाने भरलेल्या गाडीवर पेंगणारा गाडीवान ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. बैल गेला तर हंगाम गेला, हे इथे पोरांनाही कळते.

श्रीमंत अलेक टेसला फसवतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या रात्री, जंगलात, तो तिला आधी काय सांगतो? तिच्या बापाला त्याने नवा घोडा दिला आहे, धाकट्या भावंडांना खेळणी दिली आहेत. उपकार आधी घरात पोचतो आणि त्याची फेड नंतर मुलीकडून मागितली जाते. हार्डीला आमचा शब्द माहीत नव्हता, पण ही उचलच आहे.

पुढे नवऱ्याने टाकलेली टेस फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या खडकाळ माळावर मजुरीला जाते. भर थंडीत सलगम उपटते आणि वाफेच्या मळणीयंत्रावर उभी राहून दिवसभर पेंढ्या सोडते. यंत्र थांबत नाही म्हणून तिलाही थांबता येत नाही. तिथला करार ‘जुन्या लेडी डे’पर्यंतचा, म्हणजे ६ एप्रिलपर्यंतचा. त्या दिवशी इंग्लंडच्या त्या भागातले मजूर संसार गाड्यांवर लादून नव्या मालकाकडे निघत. हार्डीने त्या लादलेल्या गाड्यांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना मला आमचाच रस्ता दिसतो.

मग चित्रपट कशासाठी पाहायचे? रोमन पोलान्स्कीचा ‘टेस’ १९७९ सालचा. नास्तासिया किन्स्कीने त्यात टेसचे काम केले. चित्रण इंग्लंडमध्ये नव्हे, फ्रान्समध्ये झाले, आणि छायाचित्रण, कलादिग्दर्शन व वेशभूषा यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाले. आपण न पाहिलेला गोठा, दुधाच्या चरव्या, धुक्यातली कुरणे हा चित्रपट डोळ्यांपुढे आणतो. त्यानंतर कादंबरी पुन्हा हातात घेतली, की पहिल्यांदा नुसतीच वाचून गेलेली पाने दिसू लागतात. हिंदीतला ‘दुल्हन एक रात की’ (१९६७) याच कथेवरचा. नूतन, धर्मेंद्र, रहमान आणि मदनमोहनचे संगीत. तर मायकेल विंटरबॉटमने ‘तृष्णा’ (२०११) थेट राजस्थानात नेला. तिथे घोड्याच्या जागी जीप आली. कुटुंबाचे पोट ज्याच्यावर, ते मोडले पाहिजे, हे त्याने अचूक हेरले.

पण पडद्याची एक अडचण आहे. दोन-तीन तासांत हिवाळा दाखवता येतो, तो अंगावर काढता येत नाही. कादंबरीत तो पानांमागून पाने सरत नाही. शिवाय कॅमेऱ्याला कष्टाचे शेतही देखणे करण्याची खोड असते. म्हणून चित्रपट जरूर पाहावा, पण कादंबरीची सुट्टी करू नये.

या पुस्तकाशी आपले आणखी एक नाते आहे. ‘टेस’ १८९१ साली लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. त्याच सुमारास पुण्यात हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहीत होते. तिकडे संपादकांच्या सोवळेपणामुळे हार्डीला प्रसंग बदलावे लागले. पाण्यातून मुलींना उचलून नेणारा नायक साप्ताहिकात त्यांना चक्क हातगाडीत बसवून नेतो! इकडे हरिभाऊंची यमू केशवपनापर्यंतची आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगत होती. दोन्हीकडे दर आठवड्याला वाचक वाट पाहत होते, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता: घराची, समाजाची किंमत मुलीनेच का मोजायची?

तो प्रश्न जुना झालेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. दुखण्याचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण होते.

‘टेस’मध्ये एक बारीकशी नोंद आहे, सहज नजरेतून सुटेल अशी. टेस गावच्या शाळेत सहावी इयत्ता पास झालेली असते आणि तिला शिक्षिका व्हायचे असते. घोडा मेल्यावर तो बेत मागे पडतो. शेवटी ती फासावर जाते, त्याचे दुःख सगळ्याच वाचकांना होते. मला त्या राहून गेलेल्या शाळेचे अधिक होते. दर दिवाळीनंतर आमच्याकडच्या वर्गांत काही बाक रिकामे असतात, आणि त्यांवर बसणाऱ्या मुली तेव्हा कुठे तरी फडात धाकट्या भावंडांना सांभाळत असतात.