सेकंदाला सव्वाशे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका शेडच्या भिंतीवर यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर उभा चिरून टांगलेला आहे. अस्सल कंपनीचा. असा एखादा बरा सायलेन्सर मिळावा म्हणून लोक निपाणीच्या गॅरेजांपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत पायपीट करतात, आणि इथं कुणीतरी तो हॅकसॉनं कापून ठेवला होता. त्या शेडमध्ये मी शिरलो तो हे पाहूनच.

‘‘मापं कुठनं मिळणार हुती? कंपनी काय कागद देतीय व्हय?’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘एक कापला, म्हणून बाकीचे करता आले.’’

चिरलेल्या त्या नळीत बघत राहावं असं बरंच आहे. इंजिनकडून येणारी नळी हळूहळू रुंदावते, पोटाशी फुगते, मग पुन्हा निमुळती होते आणि शेवटी बारीक पुंगळीतून बाहेर पडते. बाहेरून साधा क्रोमचा नळा दिसतो. आतला प्रत्येक उतार मात्र मोजून दिलेला आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला धूर बाहेर सोडायला झडप नसते. सिलिंडरच्या भिंतीतलं भोक पिस्टन खाली आला की उघडतं, वर गेला की बंद होतं. ते उघडं असतानाच दुसऱ्या बाजूनं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत शिरतं आणि त्यातलं थोडं धुराच्या मागोमाग निसटतं. या निसटलेल्या मिश्रणाला परत आत ढकलायचं काम सायलेन्सरचं. विहिरीत हाक मारली की ती तळाशी आपटून परत येते, तशी धुराची दाबलहर निमुळत्या भागावर आपटून मागं फिरते आणि भोक बंद व्हायच्या आत मिश्रणाला आत लोटते. त्याआधी रुंदावणाऱ्या भागातून उलटी लहर येते, ती उरलासुरला धूर ओढून काढते. नळीची लांबी चुकली की लहर लवकर तरी पोचते नाहीतर उशिरा.

‘‘पिकअपला गाडी साडेसात हजारावर फिरती,’’ मिस्त्री सांगत होते. ‘‘साठानं भागा. सेकंदाला सव्वाशे. सव्वाशे डाव ती लहर जातीय आन् येतीय.’’ आरएक्स १०० ची पूर्ण ताकद, अकरा पीएस, मिळते ती ७,५०० फेऱ्यांवर; त्यामुळे हिशेब चोख आहे. इंजिन अवघं ९८ सीसीचं. एवढ्याशा इंजिनातून एवढा दम निघतो त्यात या नळीचा वाटा मोठा आहे. तिला सायलेन्सर म्हणतात म्हणून ती फक्त आवाज दाबते असं लोक धरून चालतात, आणि तिथंच बहुतेक गाड्यांची वाट लागते.

लहरीची ही विद्या पक्की केली ती पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन या इंजिनिअरनं, १९५० च्या दशकात. १९६१ साली त्याचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन पंचवीस अश्वशक्ती देत होतं. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला, ही विद्या सुझुकीकडे पोचली आणि पुढं जपानी टू-स्ट्रोक जगभर धावले. एस्कॉर्ट्सनं १९८५ मध्ये आरएक्स १०० भारतात आणली, १९९६ मध्ये ती बंद झाली. उद्यमनगरातल्या या शेडमध्ये काडेनचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पण त्यानं जे मोजलं तेच इथं पुठ्ठ्याच्या फर्म्यावर मोजलं जातं.

बाजारात सायलेन्सर मिळत नाहीत असं नाही. दिल्लीहून येतात, लुधियानाहून येतात, क्रोम तर मूळच्यापेक्षा चकचकीत. मिस्त्रींनी असाच एक नवाकोरा हातात घेतला, मागून तार घातली आणि ती सरळ पुढच्या तोंडाशी बाहेर आली. आत उतार नाही, पोट नाही. नुसती जाळीची नळी आणि वर पत्र्याचं टरफल. गाडी त्यानंही चालू होते. फक्त वरच्या गिअरला ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि मालक बिचारा कार्बुरेटर खोलत बसतो. असा माल ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

काम सुरू होतं जुना सायलेन्सर जाळण्यापासून. वर्षानुवर्षांचं टूटी ऑइल आत काजळी होऊन बसलेलं असतं. बाहेरून आच दिली की ते धुमसायला लागतं. जळक्या तेलाचा तो गोडसर, घशात अडकणारा वास कपड्यांतून दोन धुण्यांतही जात नाही. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधतात, पण एवढ्यानं भागत असेल असं मला वाटत नाही. काजळी गेली की पत्रा कुठं खाल्लाय ते उघडं पडतं. बहुधा खालच्या अंगाला, चिखल चिकटतो तिथं, नाहीतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी. तेवढाच भाग कापून ठिगळ लावता येत असेल तर मिस्त्री तेच सुचवतात. नवं करण्यापेक्षा जुनं वाचवण्याकडे त्यांचा कल आहे, त्यात पैसे कमी मिळत असले तरी.

नवा करायचा तर पत्र्यावर परकारानं दोन कमानी मारायच्या, कापायचं, गोल करायचं, टाके मारून गॅस वेल्डिंगनं सांधायचं. मला पुनःपुन्हा तिथं घेऊन गेला तो बेंड पाइप. सिलिंडरमधून निघून खाली वळणारी ही नळी नुसती वाकवली तर आतून चेपते, सुरकुती पडते, आणि लहर तिथंच अडखळते. म्हणून ती वाळूनं भरायची. वाळू आधी चाळून लोखंडी कढईत भाजतात. किंचित ओल राहिली तरी तापवल्यावर वाफ होऊन नळी फुटू शकते. मग एक तोंड लाकडी खुंटीनं बंद करून नळी उभी धरायची, वाळू ओतायची आणि दांडक्यानं हलके ठोकत राहायचं. सुरुवातीला खणखणीत नाद येतो. वाळू बसत जाते तसा तो खालून वर बद्द होत येतो. मिस्त्री मान कलती करून ऐकत असतात. वरच्या चार बोटांत अजून नाद आहे असं वाटलं की पुन्हा वाळू, पुन्हा ठोकणं. शेडमधला ग्राइंडर चालू असला तर तो थांबवायला लावतात. सगळी नळी सारखी बद्द बोलायला लागल्याशिवाय दुसरी खुंटी मारत नाहीत. त्यानंतर नळी लाल करून वळवायला फार वेळ लागत नाही. सगळी कसोटी त्या ऐकण्यात असते.

मी होतो तेव्हा गडहिंग्लजकडचा एक तरुण आला. वडिलांची गाडी, एमएच ०९. ‘‘मामा, आतली पुंगळी काढून द्या, आवाज पायजे.’’ मिस्त्रींनी नाही म्हटलं. तो हसला, जास्त पैसे देतो म्हणाला. ‘‘आवाज म्हंजी दम न्हवं,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘सव्वाशे लहरी मागं फिरायच्या त्या तू रस्त्यावर सोडणार व्हय?’’ पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे बदललेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले, आणि त्याबद्दल मला पोलिसांविषयी तक्रार नाही. दवाखान्यासमोरून फाडफाड करत जाणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. टू-स्ट्रोक धूर करतात हेही खरं. प्रदूषणाच्या नियमांपुढं त्या टिकल्या नाहीत ते योग्यच झालं. पण ज्या उरल्यात त्यांनी निसटतं पेट्रोल तरी परत आत घ्यावं, आणि ते या कापलेल्या, मोजलेल्या, वाळू भरून वळवलेल्या नळीशिवाय होत नाही. रस्त्यावरच्या कर्कश गाड्या आणि ही शेड यांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं आहे.

तो तरुण शेवटी पुंगळीसकटच बसवून घ्यायला तयार झाला. गाडी सायबर चौकापर्यंत पळवून आणल्यावर मिस्त्रींनी गरम प्लग काढला. टोक बिस्किटी रंगाचं होतं. पांढरं पडलं असतं तर जेट बदलावा लागला असता. ‘‘आता आठ दिवस कान पिळू नगंस,’’ म्हणाले आणि पैसे मोजून घेतले.

कोपऱ्यात पुढचं काम येऊन पडलं होतं. येझदी रोडकिंग, सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. म्हैसूरचा तिचा कारखानाही १९९६ लाच बंद पडला. या गाडीचा उजवा पार गेलाय, डावा धड आहे. मिस्त्रींनी डाव्याचा पुठ्ठा कापायला घेतला होता. तोच उलटा ठेवून उजव्याचं माप निघतं.