दुर्मीळ म्हणून चविष्ट? क्राफ्ट बिअरबद्दलचे सहा गैरसमज

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या नाशिकमध्ये शिरतात आणि गंगापूर धरणाच्या दिशेने वळतात. द्राक्षबागेत बसून वाइन चाखायची म्हणून ही मंडळी चार-पाच तासांचा प्रवास करून आलेली असतात. त्याच वेळी पुण्याला जाऊन आलेला एखादा नाशिककर तिथल्या मायक्रोब्रुअरीतली ताजी बिअर कशी भन्नाट होती, हे मित्रांना रंगवून सांगत असतो. आपल्याच तालुक्यातल्या वायनरीत शेवटचं कधी गेलो होतो, हे मात्र त्याला आठवत नाही. आपल्या गावात मिळत नाही ते भारी, हा हिशेब दोन्ही बाजूंना सारखाच.

क्राफ्ट बिअरच्या जगात तर हा हिशेब फारच चालतो. मोजक्या बाटल्या निघणार म्हटलं की रांगा लागतात, आणि हाती न आलेल्या बिअरची कीर्ती चाखलेल्या बिअरपेक्षा मोठी होते. पण एखादी बिअर सहज का मिळत नाही याची कारणं बहुतेक वेळा परवाना, कर, टाकीचा आकार आणि वाहतुकीतला थंडावा यांत असतात. त्यांचा चवीशी संबंध कमीच. म्हणून नेहमी कानावर पडणारी सहा विधानं एकेक करून तपासू.

गैरसमज १ : सहज मिळत नाही, म्हणजे चवीला सरस असणार.

वस्तुस्थिती : टंचाईने हव्यास वाढतो, चव वाढत नाही. अमेरिकेत स्टीफन वॉर्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग केला. काही जणांना दहा बिस्किटं असलेल्या बरणीतलं एक बिस्किट दिलं, तर काहींना दोनच उरलेल्या बरणीतलं. बिस्किट तेच. दोनच्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं आणि ते महाग असावं असाही त्यांचा अंदाज होता. चवीला मात्र ते अधिक चांगलं आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. भरलेली बरणी डोळ्यांदेखत कमी केली, तेव्हा तर ओढ आणखी वाढली.

बिअरमध्ये याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली कूर्स. ती पाश्चराइझ केलेली नसे, थंडच न्यावी लागे, म्हणून अनेक वर्षं पश्चिमेकडच्या मोजक्या राज्यांतच विकली जाई. पूर्वेकडच्या लोकांना तिचं एवढं वेड की प्रवासी ती सामानात भरून नेत. १९७७ सालच्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या गाजलेल्या चित्रपटाची गोष्टच कूर्सची खोकी चोरून टेक्सासहून अटलांटाला पोचवण्याची आहे. १९८०च्या दशकात कूर्स पूर्वेकडच्या दुकानांत आली, आणि ती एक साधी, हलकी लागर आहे हे सर्वांना कळलं. बिअर होती तशीच होती. दंतकथा तेवढी संपली.

गैरसमज २ : थोडीच बनवतात, म्हणजे जीव ओतून बनवत असणार.

वस्तुस्थिती : थोडी बनण्यामागे कधी निष्ठा असते, कधी नाइलाज. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठातले साधू वेस्टव्लेटेरेन नावाची बिअर गाळतात. मठ चालण्यापुरतं उत्पन्न झालं की पुरे, या विचाराने ते उत्पादन वाढवत नाहीत. २००५ मध्ये त्यांची ‘१२’ क्रमांकाची बिअर जगात सर्वोत्तम ठरवली गेली आणि मठाच्या दारात गाड्यांची रांग लागली. तरी त्यांनी टाक्या वाढवल्या नाहीत. गंमत अशी की १९४६ ते १९९२ या काळात जवळच्याच वातू गावातली सेंट बर्नार्डस ब्रुअरी मठाच्या परवानगीने हीच बिअर बनवत होती. करार संपल्यावर त्याच परंपरेतली बिअर ती स्वतःच्या नावाने विकते. ती कितीतरी सहज मिळते, म्हणून तिच्या वाट्याला तेवढं गूढ वलय आलं नाही.

आपल्याकडचा तुटवडा निराळ्या कारणांनी होतो. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. मायक्रोब्रुअरीची बिअर मुळात जिथे बनते तिथेच विकायची असते. पुण्यात टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर नाशिकच्या दुकानात दिसत नाही, त्यामागे हे कारण आहे. शिवाय भारतात बिअरमधल्या अल्कोहोलची मर्यादा ८ टक्के आहे. परदेशी रसिकांच्या याद्यांत वर असलेले कितीतरी इम्पीरियल स्टाउट, म्हणजे कडक, गडद बिअर, १० टक्क्यांच्या पुढच्या असतात. वेस्टव्लेटेरेन १२ सुद्धा १०.२ टक्क्यांची आहे. इथे दुर्मीळ काय ठरणार, हे बऱ्याच अंशी नियमपुस्तिकाच ठरवते.

गैरसमज ३ : लांबून आलेली बिअर जास्त अस्सल.

वस्तुस्थिती : बहुतेक बिअरचं खरं मोल तिच्या ताजेपणात असतं, आणि ताजेपणा प्रवासात झिजतो. हॉप्सच्या फुलांचा लिंबू-संत्र्यासारखा किंवा आंब्यासारखा गंध हा आयपीए (इंडिया पेल एल) या बिअरचा प्राण. चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीसारखा तो दिवसागणिक उतरत जातो. थंड ठेवली तर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने तो टवटवीत राहतो. उन्हात तापलेल्या गोदामात तेवढाही टिकत नाही. बाटलीत शिरलेल्या ऑक्सिजनमुळे पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडलं तर हॉप्समधल्या कडू घटकांचं विघटन होऊन उग्र दर्प येतो. तपकिरी बाटली आणि कॅन वापरण्यामागे हेच कारण आहे.

आता समुद्रमार्गे आलेली, बंदरात पडून राहिलेली आणि एप्रिलच्या नाशिकमध्ये चाळिशीला टेकलेल्या पाऱ्यात उतरवलेली आयपीए डोळ्यांसमोर आणा. ती महाग आहे, दुर्मीळ आहे, आणि बनवणाऱ्याला जी चव द्यायची होती ती तिच्यात उरलेली नाही. याला अपवाद आहेत. जास्त अल्कोहोलच्या गडद बिअर आणि काही आंबट बेल्जियन बिअर वर्षानुवर्षं मुरवता येतात. पण हे अपवाद आहेत, आणि सरसकट सगळ्याच बिअर ‘खास दिवसासाठी’ कपाटात जपून ठेवणारे नेमकं हेच विसरतात.

गैरसमज ४ : आपल्या शेजारी बनतं, त्यात काय विशेष?

वस्तुस्थिती : पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण नाशिकच्या वाइनने पुरती अनुभवली आहे. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ सोव्हिन्यॉं ब्लॉं आणि शेनिन ब्लॉं या जातींच्या वेली लावल्या. त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. शांपेनसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच समूहाची शांदोनसुद्धा दिंडोरीत येऊन स्पार्कलिंग वाइन बनवू लागली.

या मागची शेतीही सरळ नाही. इथे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते. हे वेळापत्रक इथल्या शेतकऱ्यांनी द्राक्षांच्या अनुभवातून बसवलं आहे. तरीही पाहुण्यांसमोर ‘इंपोर्टेड’ बाटली ठेवण्यात जो रुबाब वाटतो, तो दिंडोरीच्या बाटलीत वाटत नाही. या रुबाबातला मोठा वाटा कराचा आहे. आयात वाइनवर अनेक वर्षं १५० टक्के शुल्क होतं. त्यामुळे तिकडची साधी, रोजच्या जेवणातली वाइन इथे पोचेपर्यंत आपोआप ‘उंची’ होते.

दूरच्या प्रतिष्ठेची परीक्षा १९७६ मध्ये पॅरिसमध्ये झाली होती. लेबलं झाकून चाखताना फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिलं स्थान दिलं. त्या वेळी कॅलिफोर्नियाला कोणी गणतीत धरत नव्हतं.

गैरसमज ५ : जाणकाराला नाव आणि किंमत फसवत नाहीत.

वस्तुस्थिती : फसवतात, आणि जाणकारालाही. २००८ मध्ये हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून चाखायला दिली, एकदा १० डॉलर आणि एकदा ९० डॉलर. महाग सांगितलेली जास्त आवडली. मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी जोडलेला भाग अधिक सक्रिय दिसला, म्हणजे लोक थाप मारत नव्हते. काही आठवड्यांनी किंमत न सांगता चाखवल्यावर तो फरक नाहीसा झाला. बोर्दोमध्ये तर वाइनशास्त्राच्याच विद्यार्थ्यांना रंग मिसळून लाल केलेली पांढरी वाइन दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

यातून ‘चव वगैरे सगळं ढोंग आहे’ असा निष्कर्ष काढू नये. जिभेला मेंदू आधीच माहिती पुरवत असतो, आणि ‘ही बिअर मिळत नाही’ ही त्यातली वजनदार माहिती आहे.

गैरसमज ६ : सगळीकडे मिळू लागली की दर्जा घसरलाच.

वस्तुस्थिती : घसरू शकतो, पण घसरलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरल, म्हणजे सुमारे ७० कोटी लिटरपर्यंत बिअर बनवणारी कंपनीही ‘क्राफ्ट’ ठरू शकते. ती स्वतंत्र मालकीची असणं महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातली सिएरा नेवाडा पेल एल १९८० पासून बनते आणि अमेरिकेत किराणा दुकानातही मिळते. तरी तिची गणना उत्तम बिअरमध्ये होते. दर खेपेला तीच चव देणं हे एकदाच काहीतरी अफलातून बनवण्यापेक्षा अवघड काम आहे. खप मोठा असला की माल दुकानात पडून राहत नाही, म्हणून ताजाही मिळतो.

उपलब्धतेचा आणखी एक फायदा आहे. त्याने जीभ तयार होते. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा चार ग्लास शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय नाशिकमध्ये झाली. वर्षातून एकदा हाती येणाऱ्या बिअरची तुलना कशाशी करणार? तिच्याबद्दल फक्त आठवण सांगता येते.

मग दुर्मीळतेला काहीच अर्थ नाही का?

आहे. दुर्मीळ वस्तू आपल्याकडून लक्ष मागते. एकच ग्लास मिळणार म्हटल्यावर माणूस फोन बाजूला ठेवतो, आधी वास घेतो, सावकाश घोट घेतो. तिच्या चवीचं जे कौतुक होतं, त्यातला बराच भाग या सावकाशपणाचा असतो. आणि तो सावकाशपणा कोणत्याही बिअरला किंवा वाइनला देता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ही कुठेच मिळत नाही’ असं कोणी सांगितलं, तर तीन गोष्टी विचाराव्यात. ती कधी भरली, कॅनवर तारीख आहे का? वाटेत आणि दुकानात थंड होती का? आणि का मिळत नाही? उत्तर परवाना किंवा आयातशुल्क असेल, तर त्या पैशात चव विकत मिळत नाही. शंका असेल तर मित्राला नावं झाकून तीन ग्लास भरायला सांगावं. नाशिककराने त्यातला एक ग्लास नाशिकच्याच मालाचा ठेवावा. वाइन आहेच, शिवाय मधापासून मीड बनवणारी सेराना मीड्सही इथलीच आहे.

एक गोष्ट मात्र तिन्ही ग्लासांत सारखी असते, ती म्हणजे अल्कोहोल. ‘क्राफ्ट’, ‘नैसर्गिक’ किंवा ‘मर्यादित आवृत्ती’ असं लिहिल्याने त्याचा अपाय कमी होत नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘परत मिळणार नाही’ या धास्तीने जास्तीचा ग्लास भरू नये. चांगली बिअर बनवणारे पुढच्या महिन्यातही बनवणार आहेत, आणि ती तेव्हा अधिक ताजी असेल.